उणे हॉटेल, उणे बिस्किटं

पुंता अरेनासला नोव्हेंबरात वारा असा
की माणसं दोरी धरून चौक ओलांडतात.
तशाच, अजून दोरी धरल्यासारख्या,
दर मंगळवारी वाचनालयात येतात दोन्या एदुविखेस बार्रिया,
वय एक्याऐंशी, लोकरी टोपी, पिशवीत स्वतःचा थर्मास.

"भाऊ शोधायचाय," म्हणाल्या पहिल्यांदा,
छत्री राहिली होती इथं, म्हणावं तसं.

रूपेर्तो. अडुसष्ट साली बोटीवर गेला.
बोटीचं नाव एस्त्रेया पोलार, म्हणजे ध्रुवतारा.
मी ते दोन शब्द टाकले आणि यंत्रानं
नऊ लाख ध्रुवतारे ओतले टेबलावर:
हॉटेल, बिस्किटं, लोकरीचा साबण,
तळाला असलेला एक फुटबॉल संघ.

"थांबा," मी म्हटलं, "आधी अवतरणचिन्हं."
दोन्ही शब्दांना दोन्हीकडून धरायचं,
बाजारात पोरांची मनगटं धरतो तसं,
नाहीतर एस्त्रेया एकीकडे, पोलार भलतीकडे.
मग उणे. उणे हॉटेल. उणे बिस्किटं.
रेघ शब्दाला चिकटून हवी;
मध्ये जागा सुटली की नकार नकार राहत नाही.
"माझ्या नवऱ्याचंही तसंच होतं," त्या हसल्या.

सुपातून फोलपटं उडावीत तसे उडाले ध्रुवतारे.
उरले तीनशे बारा.
दोन सालांमध्ये दोन टिंबं दिली,
फक्त पीडीएफ मागितल्या, कारण बंदराचं दफ्तर
तसंच चढवलेलं आहे, आडवं, उलटं, कुणाच्या अंगठ्यासकट.
मग आडनाव टाकलं.
शून्य.

शून्यासमोर बसून त्यांनी चहा ओतला, दोघींना.
वाचनालयात खाण्यापिण्याला बंदी आहे.
मी प्यायले.

"शाळेत बाई छड्या मारायच्या," त्या म्हणाल्या,
"बी लिहू का व्ही? कानाला कुठे कळतं?"

मी कप खाली ठेवला.
मोठ्या अक्षरांत 'किंवा' टाकलं:
बी घेतलेला बार्रिया किंवा व्ही घेतलेला.
काखेत कळसा. त्या एका 'किंवा'पलीकडे
अर्धशतक बसून होता तो,
पान एक्केचाळीस, कारकुनाच्या तिरक्या टंकात:
वार्रिया, रूपेर्तो, खलाशी.
उतरला. पुएर्तो देसेआदो. तीन मार्च.

बोट बुडाली अकरा मार्चला.
चर्चमधल्या पाटीवर तारीख आहे, खाली नऊ नावं,
त्यात त्याचं, बी घेऊन, बिनचूक.
दरवर्षी त्या पाटीखाली मेणबत्ती लावतात त्या.

उतरला.
आठ दिवस आधी, स्वतःच्या पायांनी,
आणि पत्र नाही.
देसेआदो म्हणजे हवंहवंसं. हे मी बोलले नाही;
त्यांचीही भाषा तीच आहे.

"पुढे शोधू?" सोपं होतं:
तेच नाव, व्ही घेऊन, पलीकडच्या देशाची पानं.
कर्सर लुकलुकत राहिला.
"हॉटेलाला लावलीस ती रेघ," त्या म्हणाल्या,
"माणसाला लावता येते?"
"येते."

एका बोटानं त्यांनी ती कळ शोधून काढली.
बोट तिथंच ठेवलं, दाबलं नाही.
मग टोपी नीट केली, ते एक पान छापून मागितलं,
शंभर पेसो, सुटे, मोजून.

दारापाशी वाऱ्यानं कागद फडफडला.
"मंगळवारी ते किंवा परत दाखव,"
त्या म्हणाल्या. "बाकीचं राहू दे."