नवा कंगवा

दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात
माय कुर्ला मार्केटातून एक नवा कंगवा आणते.
केसांसाठी नव्हे.
कुलकुलांसाठी.

पूर्वी पाचाला यायचा, आता वीसला.
रंग माय ठरवत नाही, फेरीवाला ठरवतो.
यंदा पोपटी.
उकळत्या पाण्यातून काढला, फडक्यावर वाळवला,
आणि रेनीला बजावलं :
पंचवीस तारखेपर्यंत ह्याला डोक्याजवळ न्यायचं नाही.

रविवारी जेवणं उरकल्यावर टेबलावर जुने पेपर,
परातीत मैदा, थोडा रवा, नारळाचा दाट रस.
‘तूप किती?’ वैशालीनं विचारलं.
‘मूठ वळेपर्यंत.’
वहिनी साताऱ्याची, हा तिचा ह्या घरातला पहिला नाताळ.
ती वही घेऊन बसली होती.
वहीत तिनं लिहिलं : मूठ.

बोराएवढी गोळी घ्यायची,
कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं पसरायची
आणि कडेकडून गुंडाळत आणायची,
शिंपला मिटावा तशी.
वैशालीचं पहिलं उलगडलं.
दुसरं कंगव्यालाच बिलगून बसलं.
‘आमच्याकडे शंकरपाळी कापली की झालं,
एवढं मुरडायचं कशाला?’
‘वेळ जायला,’ माय म्हणाली. हसली नाही.

गेला की वेळ.
इनासची कुलकुलं जाड, आतून कच्ची राहतात,
ती त्यालाच वाढायची, असा घरचा कायदा.
माझी सगळी डावीकडे कलतात, का कोण जाणे.
रेनीनं एक गोगलगाय केली, एक गांडूळ,
आणि एक काहीच नाही.
त्याचं नावही तिनं ‘काहीच नाही’ ठेवलं.
कढईत तेच सगळ्यात छान फुललं.

‘पण कंगवाच का? आणि दरवर्षी नवा का?’
वैशालीनं विचारलं तसा मायनं हात पुसला.
‘त्याचं असं झालं, माझी माय नवी नवरी होती,
घरात काटे होते दोनच, आणि नेमकं त्या दिवशी तिच्या सासूनं’

विमान आलं.
आमच्या ख्रिश्चन गावात विमानं कौलांना हात लावून जातात.
तोंडातलं वाक्य जिथल्या तिथं थांबवायचं
आणि चाकं पुढे गेली की तिथूनच उचलायचं,
हे इथल्या पोरांना पाळण्यात कळतं.
वैशालीला अजून नाही.
ती मायच्या ओठांकडे बघत राहिली.
माय मात्र न थांबता सांगत होती,
हात नाचवत, डोळे मोठे करत,
एकदा तर पदरानं डोळे टिपत.

‘तर असं,’ माय म्हणाली. ‘म्हणून कंगवा.’
आवाज विरला होता.
आम्ही चौघांनी माना डोलावल्या.
मी बेचाळीस वर्षांची आहे,
आणि ही गोष्ट मला अजून पूर्ण ऐकू आलेली नाही.
विचारायला हवी, हे खरं.
पण पुन्हा विचारलं तर
पुढच्या वर्षी ती काय सांगणार?

बाहेर पप्पा स्टुलावर,
चांदणीच्या वायरीशी भांडत.
दर अर्ध्या तासानं दारात डोकावून :
‘संपलं का तुमचं?’
त्यांना कुलकुलं नकोत. कंगवा हवा.
नाताळ झाला की तो त्यांचा होतो,
वर्षभर शर्टाच्या खिशात राहतो,
डोक्यावर उरलेल्या अकरा केसांसाठी.
(आकडा रेनीचा. तिनं मोजलेत.)

संध्याकाळी डबे भरले :
एक शेजारच्या सावंतांना, एक फादरना,
एक झाकण न बसणारा आमचा.
पप्पांनी मागल्या वर्षीचा लाल कंगवा खिशातून काढला,
दोन दात पडलेला,
आणि पोपटीच्या शेजारी ठेवून पाहिला.
‘हा जरा लहान दिला त्यानं,’ म्हणाले.

मग चांदणी लागली.
एकदम नाही, आधी फडफडली,
मग विझली,
मग पप्पांनी तिला एक चापट दिली.

‘काहीच नाही’ कुणी खाल्लं, ते अजून कळलेलं नाही.
वैशाली वहीत काहीतरी लिहीत होती,
ओठांना साखर लागलेली.