आगामी

सूचनाफलक पुसायचं काम माझ्याकडे आहे,
भरायचंही.
डिसेंबरची तांब्याची नाणी ओल्या फडक्यानं गेली,
त्यांच्या जागी खडूनं लिहिलं:
जानेवारी, पाटणची पटोळी.
फेब्रुवारी, छत गळतंय, दालन बंद.
मार्च, मागचा पडदा. रावपुऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओचे सात पडदे.

साहेब म्हणाले, दालन बंद असणं हे प्रदर्शन नव्हे,
पुसा ते.
पुसलं. खडूचा पांढुरका डाग राहिलाच.
फेब्रुवारी बघायला कुणी आलं तर तेवढा दिसेल.

पडदे टेम्पोतून आले, सतरंजीसारखे गुंडाळलेले,
दोरीच्या गाठीत झुरळांची अंडी.
उलगडायला आम्ही तिघं:
मी, जेठाभाई सुतार, आणि पहाऱ्यावरचा खानविलकर.
आधी जिना आला, संगमरवरी, कुठेच न जाणारा,
मग कठडा, कुंडी, एकमेकांकडे न बघणारे दोन हंस,
आणि वर चंद्र.
केवढा! पुरणाच्या परातीएवढा.
जेठाभाई गुडघ्यांवर बसून म्हणाले,
"आ तो आपणो ज चांदो छे."

ह्याच्यापुढे अर्धं बडोदं उभं राहिलंय.
आखाड्यात गदा जिंकलेला कुणी,
रेल्वेत चिकटलेला कुणी,
माझी आत्या, शेला शेजारणीचा, मनगटी घड्याळ स्टुडिओचं.
फोटोवाल्यानं हनुवटी दोन बोटं वर केली
म्हणून ती त्या एकाच फोटोत गर्विष्ठ.
फोटो सुरतेला दाखवायला गेला, परत आला.
पाकिटातून हा चंद्रही गेला असणार,
परत आला असणार.

पडद्याची खालची वीतभर पट्टी झिजलीय,
रंग उडून नुसतं कापड.
तिथे माणसं होती.
बाकी सगळीकडे चित्र आहे.

नोंदवही. साधन: कापडावर डिस्टेंपर.
उंची नऊ फूट, रुंदी सात.
चित्रकार:
इथे थांबले. स्टुडिओवाल्यांच्या नातवाला फोन लावला.
"होता हो कुणीतरी रंगारी. दुकानाची दारंही तोच रंगवायचा."
ठीक आहे. अज्ञात.
ह्या शब्दाच्या छापील चिठ्ठ्या असतात आमच्याकडे,
कापून तयार, बिस्किटाच्या डब्यात.

मग अस्तर लावायला पडदा पालथा घातला
तर कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं, बारीक, जरा तिरकं:
'चंद्र मोठा झाला. मालक म्हणाले चालेल.'
नाव नाही, तारीख नाही.
खाली दुधाचा हिशेब, सव्वातीन आणे.

खानविलकरनं दोनदा वाचलं.
"चालेल काय, चाललाच की,
दुकान बंद होईस्तोवर चालला."

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, मधोमध टांगू या,
लोक फिरून दोन्ही अंगांनी बघतील.
साहेब चष्मा पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.
"पाठ म्हणजे चित्र नव्हे, फणसेबाई. भिंतीला लावा."

भिंतीला कसा लागणार ते ठरलंय.
जेठाभाईंनी मागच्या पट्ट्या जरा जाड घेतल्यात,
भिंत आणि पडदा ह्यांच्यात हातभर जागा,
अंग चोरून एक माणूस शिरेल इतकी.
कापडाला हवा लागली पाहिजे, असं साहेबांना सांगितलं.
ते खोटंही नाही.
खानविलकर खिशात विजेरी ठेवणार आहे.
कुणी विचारलं तरच.

पाटीवर 'अज्ञात' राहू दिलंय.
फक्त मोजमापाच्या रकान्यात,
जिथे सहीच्या घाईत साहेबांची नजर कधी जात नाही,
नऊ फूट आणि सात फूट ह्यांच्या खाली
मी टाइप केलं:
चंद्र, मोठा.

एप्रिलचं अजून काही ठरलेलं नाही.