अठ्ठेचाळिसावा धागा

जानेवारीत कुरेसारेचा उपसागर गोठला
की बाबांना काम नसतं.
होडी परसात पालथी, जाळी खोपीत,
आणि ते माझ्या खुर्चीमागे,
हातात कॉफी, स्वेटरला धुरी दिलेल्या माशाचा वास.

“विर्वे, काय विणतेस?”

विणत नाही, मांडते.
दोन आकडे आहेत, बाबा. यू आणि व्ही.
यू मोठ्या वर्तुळावरून चालत जातो,
बेटाला फेरी मारणाऱ्या बससारखा.
व्ही त्याच्या वाटेला वेढे घालतो,
दोरखंडाला सुतळीचे घालावेत तसे.
दोघांनी मिळून जागा सांगितली
की साइन आणि कोसाइन पत्ता काढून देतात:
किती उजवीकडे, किती आत, किती वर.
यापलीकडे वस्तू म्हणून काही नाहीच.
एक सपाट चौकोनी कापड,
आधी त्याची नळी,
मग नळीचं कडं.

“म्हणजे बुडत्याला काडीऐवजी कडं,” ते म्हणाले
आणि गप्प झाले.

काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचं कडं फिरत होतं.
दर फेरीला एक फट समोर यायची.
तीन दिवस मी तिच्या मागे होते.
अंश तपासले, कंस तपासले,
पायच्या दशांशांवरसुद्धा संशय घेऊन झाला.

बाबांचे ओठ हलत होते, जाळं मोजताना हलतात तसे.
मग अंगठा काचेवर, नेमका फटीपाशी.

“उभे धागे अठ्ठेचाळीस.
डोळ्यांच्या रांगा सत्तेचाळीस.
सरळ पसरलेल्या जाळ्याला हे बरोबर आहे.
पण तू त्याची पिशवी केलीस, पोरी.
शेवटचा धागा पहिल्याला कुणी बांधायचा?
मासा दुसरीकडे तोंडही घालणार नाही,
सरळ इथून जाईल.”

एकच ओळ बदलावी लागली.
शेवटानंतर पुन्हा शून्य.
कडं मिटलं,
आणि ते कुठून सुरू झालं होतं
हे मलाही दाखवता येईना.

“यात धरायचं काय पण?”

प्रकाश, मी म्हणाले, आणि लाजले.
ते हसले नाहीत. बराच वेळ बघत राहिले.
“मग डोळे फार मोठे ठेवलेस.
यातून हेरिंगसुद्धा निसटेल.”

मी अठ्ठेचाळिसाचे पाचशे केले.
यंत्राचा पंखा धापा टाकायला लागला.
बाबा कप विसळायला गेले.
बाहेर चार वाजताच अंधार,
कड्यावर मात्र एका अंगानं उजेड चढत होता,
आणि काचेवर त्यांच्या अंगठ्याची वलयं,
तेवढी फिरत नव्हती.