सातवी टोपली

नंदुरबारबाहेर, दोंडाईचा रस्त्याच्या डाव्या हाताला
बागुल सरांनी नऊ टोपल्या उभ्या केल्या.
युनूस पिंजारीने वेल्ड करून दिलेल्या,
ट्रॉलीच्या जुन्या साखळ्या लावून.
चकती आत पडली की साखळ्या वाजायच्या
कुणी बैल सोडतंय अशा.

नियमांचा कागद सरांनी स्वतः मराठीत आणला होता,
झेरॉक्स फिकट, तिसरी ओळ घडीत गेलेली:
चकती पूर्ण बाहेर गेली तरच बाहेर;
मात्र रेषा ही बाहेरचीच समजावी.
रोहिदास वळवीने दोनदा वाचून विचारलं,
मग रेषेवर बसलेली कुठली?
सर म्हणाले, खेळून बघा, कळेल.

सहा टोपल्यांपर्यंत फक्की पुरली.
सातवीपाशी मिरचीची पथारी, दोन एकर, लालच लाल,
म्हणून सरांनी तोंडीच सांगून टाकलं,
मिरचीची कड म्हणजे हद्द.

कड सकाळी होती तिथे दुपारी नव्हती.
बाया मिरची पालटत होत्या,
हद्द वीतभर पुढे, हातभर मागे,
तिला आमच्या स्पर्धेचं काही पडलेलं नव्हतं.

माझी चकती लाल. ही माझी पहिली चूक.
वाऱ्यावर डावीकडे कलली
आणि आम्ही पोचेपर्यंत शिंकाच शिंका.
सापडली कडेला, वर पाच-सहा मिरच्या.

वरच्या मिरच्यांनी काही ठरत नाही.
चकती आधी पडली, पथारी मागून सरकली असेल,
तर मी आत.
खाली मिरची असेल तर पथारी आधीची,
मी बाहेर, एक फेक वाढली.
खाली काय ते बघायला उचलावी लागते,
आणि उचलली की पुरावा उचलणाऱ्याच्या हातात.
कोण करतं असे नियम?

तिघं नाकाला रुमाल लावून उभे,
तूच बघ, तुझी आहे.
मी वाकलो.
खाली जमीन होती, भेगाळलेली,
आणि एक मिरची.
एकच. देठ तुटका, चपटी झालेली.

एक मिरची म्हणजे पथारी का?
वाऱ्याने आली असेल, कुणाच्या सुपातून सांडली असेल.
एवढा सगळा विचार मी केला
तोवर मूठ मिटलेली होती.
काय आहे खाली, निंबा बेडसे म्हणाला.
जमीन, मी म्हणालो.
हे खोटं नव्हतं.
अजूनही मोजून बघतो: खोटं नव्हतं.

ते पुढे गेले.
पथारीतून एक बाई उठून आली, झेलाबाई तिचं नाव,
तेलाने माखलेला हात पुढे केला.
भाऊ, ती मिरची आमनी शे.
दोन एकरांत एक कमी, तिला कशी दिसली?
मी मूठ उघडली.
तिने ती टाकली, मी उचलली होती नेमकी तिथे,
आणि हद्द जागेवर आली.

नवव्या टोपलीनंतर सरांना सांगितलं,
सातव्यावर माझी एक वाढवा.
सरांनी कागद उलगडला,
घडीतली ओळ उन्हाकडे धरली,
पाठ पाहिली. पाठ कोरी.
चौघांनी मान्य केलेलं बदलत नाही, निंबा म्हणाला,
आणि चिडला माझ्यावर;
आधी न सांगितल्याबद्दल की आता सांगितल्याबद्दल,
कळलं नाही.
एका फेकीने मागे राहिलेला रोहिदास हसला,
ठेवा भाऊ. भजी खाऊ घाला, मिरचीची.

रात्री उजवा हात ताकाच्या पातेल्यात बुडवून बसलो.
बायको म्हणाली, एवढा वेळ धरून ठेवलीस कशाला?

स्टीलचा जग मिळाला. नाव कोरलंय त्यावर,
भदाणेचं भदाने.
तसं इकडे सगळे तसंच म्हणतात,
मीही, घाईत असलो की.
सरांनी दुरुस्तीला परत मागितला होता.
मी दिला नाही.