हातचा एक

आठ दिवस, ती म्हणाली.
आम्ही नऊ मोजले होते.

नदीच्या वरच्या अंगाला, नकाशावर जिथे नुसता हिरवा रंग आहे
आणि नाव ठेवायला कुणी गेलंच नाही,
तिथे आडव्या पडलेल्या एका कोइवेच्या पोकळ बुंध्यात
ती गुडघे छातीशी घेऊन बसली होती.
चिस्पा आधी पोचली. भुंकली नाही.
तिच्या बुटाला पाठ टेकून बसली,
जशी निकानोरच्या चुलीपाशी बसते.

ओतिलिया सान्वेसा, वय एकसष्ट.
वाल्पाराइसोत लोखंडी सामानाच्या दुकानात
चौतीस वर्षं वह्या लिहिल्या,
निवृत्त झाली आणि चालायला लागली.
पायवाट सोडली ती एक हुएमुल हरीण दिसलं म्हणून.
मग स्वतःच दुरुस्ती केली:
"हरणाची शेपटी. अख्खं हरीण नव्हे."

मार्च होता. आमच्या दऱ्यांत मार्चमध्ये लेंगाची पानं तांबडी होतात
आणि पाऊस आडवा येतो.
पहिले दोन दिवस आम्ही घसा फुटेस्तोवर हाका मारल्या.
पाचव्या दिवशी हाका लहान झाल्या.
सातव्या दिवशी पोलिसांनी तळ्यात होडी घातली
आणि गावात सगळे तिच्याबद्दल
"होती" म्हणू लागले.
खेचराला खरारा करता करता निकानोर म्हणाला,
"होती कशी? बघून आलं का कुणी?"

नवव्या सकाळी चिस्पानं चिखलातून उकरलं एक बटण.
तपकिरी, चार भोकांचं, भोकात अजून दोरा.
पुढे ओढ्यातल्या दगडावर दुसरं,
अगदी मधोमध ठेवलेलं,
गल्ल्यावर नाणं ठेवतात तसं.

रोज उजाडताच एक तोडायची.
दिवसही मोजला जातो, मागही राहतो.
समोरची सहा, बाह्यांची दोन.
कोट रोज थोडा जास्त उघडा पडत गेला.
ऊब खर्ची टाकली, ती म्हणाली,
दुसरं काही खर्चायला नव्हतंच.

खाल्लं काय?
कालाफातेची काळी बोरं, जीभ निळी होईपर्यंत.
नाल्क्याचे देठ सोलून.
त्याचीच छत्रीएवढी पानं पांघरून झोप,
झोप म्हणजे थरथरणं.
"मधे कुणीतरी यंत्रावर बेरीज करत होतं. टक टक, टक टक."
"सुतार पक्षी," निकानोर म्हणाला, "लाल डोक्याचा."
"असेल. पण बेरीज चुकत होती."

मी थर्मासमधला माते तिच्या हातात दिला.
एक मूठ उघडेना.
बोटं एकेक करून सोडवली तेव्हा दिसलं
आठवं बटण, शेवटचं.
उद्यासाठी तिच्याकडे काही उरलं नव्हतं,
हे तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

खेचरावर बसवून उतरवताना तिचा एकच घोष:
आज वार कोणता?
गुरुवार.
"बुधवार असायला हवा."
झुलत्या पुलावर पुन्हा: "बुधवार."
खाली शाळेची पोरं टाळ्या वाजवत होती,
तिची बहीण चिखलात धावत, घसरत, पुन्हा धावत येत होती,
आणि ही उघड्या कोटात
बोटांची पेरं मोजत होती.

जूनमध्ये पत्र आलं. अक्षर वहीतलं, सरळ.
कोट दुरुस्त केला, पाऊल बरं आहे, दोन बोटं गेली.
तो दिवस मिळाला नाही.
ताप असेल, डॉक्टर म्हणतात.
"मी तो हातचा म्हणून वर लिहून ठेवलाय.
कुठल्या रकान्यात मिळवायचा, ते कळेल तेव्हा कळेल."
पाकिटात आठवं बटण होतं. चिस्पासाठी.

निकानोरनं पत्र दोनदा वाचायला लावलं,
मग खेचराचा खूर बघायला निघून गेला.
चिस्पानं बटण हुंगलं,
तोंडात धरून परसात नेलं
आणि पुरलं.
कुठे, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.