छत्तिसावा दात

कार्ब्युरेटर उतरवले तेव्हा
बाबांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळले नाहीत,
माझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळले
आणि फळीवर ठेवले, जॅमच्या बरण्यांशेजारी.
पितळी जेट वेगळे, काडेपेटीत,
पोराचे दुधाचे दात ठेवावेत तसे.

बिएल्लातल्या लोकरीच्या गिरण्या चालू होत्या तेव्हापासून
ओरेस्ते हा माणूस इंजिनं कानाने लावत आलाय.
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी.
पहिल्यात हवा स्स म्हणते, दुसऱ्यात श्श;
पाव आटा स्क्रू फिरवायचा
दोन्ही एका सुरात येईपर्यंत.
डॉक्टरच्या नळीपेक्षा या नळीवर
खोऱ्याचा भरवसा जास्त.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी ती तीनदा झटकली.
म्हणाले, चोंदलीय.
नळी चोंदली नव्हती.
मार्चमध्ये म्हणाले, निवेस, घाल तुझं ते गाडीत.
फ्युएल इंजेक्शन म्हणाले नाहीत.
रात्री सापाला लांबडं म्हणतात, तसं.

पाच शनिवार गेले.
जास्त दाबाचा पंप, टाकीकडे परतीची नळी,
एक्झॉस्टमध्ये प्राणवायू हुंगणारा सेन्सर.
त्यासाठी भोक पाडलं तेव्हा
बाबा बाहेर जाऊन सिगारेट ओढून आले.
वायरींचा जुडगा मी स्वयंपाकघरात विणला.
पलीकडे आई पोलेंटा घोटत होती.
म्हणाली, तुझी आजी गिरणीत हेच करायची,
फक्त लोकर होती, आणि पगार मिळायचा.

मग पुलीवर दातेरी चक्र.
जागा छत्तीस, दात पस्तीस.
बाबांनी बोटाने मोजले. पुन्हा मोजले.
फसवलं तुला, एक पडलाय.
मी सांगितलं, मुद्दाम काढलेला असतो.
दात सगळे सारखेच. मोजणारा मोजत जातो,
पोकळी आली की त्याला कळतं
फेऱ्यात आपण नेमके कुठे आहोत.
बाबांनी स्वतःच्या जबड्यातल्या फटीत जीभ फिरवली
आणि पाना पुढे केला.

पहिल्या फटक्यात इंजिन लागलं,
भल्या थंडीत, चोक न ओढता.
लॅपटॉपवर आकड्यांचं शेत,
एक हिरवा ठिपका या चौकटीतून त्या चौकटीत
लंगडी घालत निघालेला.
बाबा त्याच्याकडे पाहत राहिले,
दुसऱ्याच्या नावाने आलेल्या पत्राकडे पाहावं तसे.

रविवारी घाट.
ते चालवायला, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन.
दोनच सीटांची गाडी;
या रस्त्यावर तिच्यात मी आजवर बसलेच नव्हते.
वर जावं तशी हवा विरळ होत गेली
आणि पेट्रोल आपणहून हात आखडत गेलं.
अकरावं वळण. बारावं.
एकदाही खोकली नाही.
मी ओरडले, बघा!
त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

चौदाव्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली.
झरा, दगडी डोणी, चेस्टनटची सावली.
मी आकडे तपासले. सगळे ठीक.
बाबा उतरले, बॉनेट उघडलं
आणि धडधाकट इंजिनासमोर उभे राहिले.
इथे पेट्रोल उकळायचं, ते म्हणाले.
दर वेळी. लग्नाच्या आधीपासून.
वीस मिनिटं थांबणं भाग.
तुझी आई चपला काढून पाय डोणीत सोडायची.
मी काय करणार? गाडी बंद.

त्यांनी घड्याळ पाहिलं.
अजून सतरा मिनिटं होती.
मी लॅपटॉप मिटून सीटवर ठेवला,
बूट काढायचे राहूनच गेले.
पाणी भलतंच गार.

घरी आईने विचारलं नाही गाडी कशी धावली.
तिने दारातल्या माझ्या ओल्या बुटांकडे पाहिलं.
अजून उकळतं का तिथे?

हो, बाबा म्हणाले.

मी आकडे दाखवले नाहीत.