लेबल

सात रस्त्याच्या मेडिकलात
बायका निघून जाईपर्यंत
खोकल्याच्या बाटल्या वाचत उभा राहिलो,
मुठीतली चिठ्ठी घामानं ओली.

पोरगा हळूच म्हणाला,
"काका, कंपनीची की जेनेरिक?
औषध तेच, खोकं वेगळं."

हसूच आलं.
एका मागावरची, एकाच सुताची चादर
लेबल शिवलं की दुप्पट भावानं जाते,
नरसय्या कोडमला हे तू सांगणार?

तरी हात पुढं होईना.
एसटी स्टँडामागच्या तंबूतली शिलाजितची डबी
अजून ट्रंकेत आहे,
सातशेची, डांबरासारखी.
दवाखान्यातली डॉक्टरीण तर म्हणालेली
आधी साखर तपासा, तंबाखू सोडा,
छातीची गोळी चालू आहे का, खरं सांगा.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून नाही म्हटलं.
खरंच नव्हती.

चारच घेतल्या. बिननावाच्या.

राजमणी विड्या वळत होती.
पुडी तिच्या सुपात ठेवली,
तेंदूच्या पानांवर.
"केवढ्याला?"
सांगितलं.
"आणि ती डबी?"
तेही सांगितलं.
दोरा गुंडाळता गुंडाळता ती थांबली,
"साखर तपासायला उद्या मी येते."

तेवढ्यात लाइट गेली.
शेजारचे माग बंद पडले,
आणि जन्मभर ओरडून बोलणाऱ्या आम्हाला
कुजबुजावं लागलं.